त्यांचे चार भूतबंगले आणि आईचा एक

बाबांची पाठ गेली तेव्हा मी दुसरीत होते. 'पाठ गेली' हे आमच्या घरातले शब्द. जत्रेत आकाशपाळणा उभा करताना एक लोखंडी पाइप निसटला आणि बाबांच्या कमरेवर आला. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर त्यांना वाकून काही उचलता येईना, आणि पाळण्यावरच्या माणसाला दुसरं काम काय असतं? मालकांनी त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवलं. पगार अर्थातच कमी झाला.

आई त्याच खेळांच्या कंपनीत स्वयंपाकाला होती. पाळणेवाले, मौतच्या कुव्यात मोटरसायकल फिरवणारे, जादूवाला, सगळ्यांच्या भाकऱ्या तिच्या हातच्या. दिवाळीनंतर कंपनी निघायची ती मे महिना संपेपर्यंत गावोगावच्या जत्रा करत फिरायची. आम्ही राहायचो ट्रकच्या आडोशाला लावलेल्या ताडपत्रीत. पावसाळ्यात सगळं बंद असायचं, तेव्हा सांगलीजवळ मावशीच्या गावी एका खोलीत. बाबांची पाठ गेली त्या वर्षी आई आधी सगळ्या कंपनीला वाढायची, मग पातेल्यात उरलेल्या आमटीत पाणी घालायची, उकळी आणायची, आणि ती आम्हा तिघांची. मला वाटायचं आमटी अशीच असते. दाट आमटी असते हे मला मावशीकडे कळलं.

कंपनीत एक भूतबंगला होता. म्हणजे काळ्या कापडाचा लांबलचक तंबू, आत वाकडीतिकडी वाट, दोनचार आरसे, लाल बल्ब, दोरी ओढली की वरून पडणारा कागदाच्या लगद्याचा सांगाडा, आणि शेवटच्या वळणावर हडळ. हडळीचं काम एक पुरुष करायचा, टोप घालून. एका जत्रेत तो न सांगता निघून गेला. संध्याकाळी मालक आईकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, आजच्या दिवस केस सोडून उभ्या राहाल का? काही करू नका. नुसतं उभं राहायचं."

आईचे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. ती पदर खोचून, केस मोकळे सोडून कापडामागच्या कोनाड्यात जाऊन उभी राहिली. बोलायचं काय ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिलाच गडी आला तो चांगला पैलवान होता, मिश्यावाला. त्याला बघून आईच भ्याली. आणि भ्याल्यावर तिच्या तोंडून तेच निघालं जे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची सवय होती. अगदी हळू, त्याच्या कानाशी:

"जेवलास का रं?"

पैलवान कापड फाडून बाहेर पडला. खरंच फाडून. बाबांनी दुसऱ्या दिवशी ते शिवलं.

तेव्हापासून हडळ म्हणजे माझी आई. दिवसा भाकऱ्या, संध्याकाळी हडळ, आणि पगार दोन्हीचा. तिने किंचाळून पाहिलं नाही, नखं लावली नाहीत, तोंडाला काही फासलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत मागे सारायची, म्हणजे वाजायच्या नाहीत, आणि माणूस अगदी जवळ आला की तेवढंच विचारायची. बायांना "जेवलीस का गं", गड्यांना "जेवलास का रं". घरी आपली आई विचारते तसं. त्यानेच लोकांची गाळण उडायची.

पण मी जरा मोठी झाले तशी गंमत संपली. एका गावात एक लहान मूल तंबूतून बाहेर आल्यावर तापाने फणफणलं, आणि त्याची आजी आमच्या चुलीपाशी येऊन आईला नको नको ते बोलून गेली. मावशीच्या गावच्या शाळेत मुली मला 'हडळीची' म्हणायच्या. मी त्यातल्या एकीला मारलं. मास्तरांनी आईला बोलावलं. आई त्यांच्यापुढे खाली मान घालून म्हणाली, "मी जत्रंत स्वैपाकाला असते, गुरुजी." ते खोटं नव्हतं. तिथून पुढे ती सगळ्यांना तेवढंच सांगायला लागली. माझ्या सासरी तेच सांगितलं, सोसायटीत तेच सांगितलं.

मला मावशीकडे ठेवलं म्हणून माझी शाळा अखंड झाली. बारावी झाली, सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंग झालं. आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुणालाही सांगते, ऑफिसात सांगते, नव्याने ओळख झालेल्या माणसालाही सांगते. नवरा म्हणतो, "अगं, निदान चहा तरी येऊ दे." पण ती पदवी कशावर झाली ते मी सांगत नव्हते, कारण आईने मला शब्द द्यायला लावला होता. विशेषतः नातीला सांगायचं नाही.

आता आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला असतो. मुलगी इथेच जन्मली, सोळा वर्षांची आहे, आणि तिला भूतबंगल्यांचं वेड आहे. ते कुठून आलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर एक थीम पार्क आहे. ऑक्टोबरमध्ये हॅलोविनसाठी तिथे चारपाच मोठे भूतबंगले उभे करतात. ते त्यांना मेझ म्हणतात. मुलगी दरवर्षी दोन मैत्रिणींबरोबर जाते, सगळे मेझ करते आणि परत येऊन त्यांची क्रमवारी लावते. कुठला नंबर एक, कुठला वाया गेला, कुठल्यात माणसं बदलली. एखाद्या क्रिकेटवेड्या माणसाने टीमबद्दल बोलावं तसं बोलते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई आमच्याकडे आली होती. बाबा विमानात इतका वेळ बसू शकत नाहीत, ते मावशीकडे राहिले. ऐन वेळी मुलीच्या दोन्ही मैत्रिणींनी कॅन्सल केलं. मुलगी तोंड पाडून बसली. मी म्हटलं मी येते. एक तिकीट तरीही उरत होतं, कारण नवऱ्याला हे प्रकार मुळीच सोसत नाहीत.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कसलं असतंय ते?"

"हाँटेड हाउस, आजी. लाइक... भूतांचा घर."

"भूतबंगला," मी म्हणाले.

आईचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "मी येते की," ती म्हणाली.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "मॉम, शी इज सेव्हंटी."

"म्हणून काय झालं? भुतं काय वय विचारत्यात व्हय?" आई म्हणाली. इंग्रजी आकडे तिला बरोबर कळतात.

तर आम्ही तिघी गेलो. आई नऊवारी नाही, सहावारीच नेसते आता, पण खाली माझे स्पोर्ट शूज, वर नवऱ्याचं जॅकेट, डोक्याला कानटोपी, आणि दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या. पर्समध्ये धपाट्यांचा डबा होता, तो गेटवरच्या मुलीने उघडून पाहिला, वास घेतला आणि हसून परत दिला. सूर्य अजून होता. झाडांची पानं लाल झालेली, पण थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. पार्कच्या रस्त्यांवर धूर सोडलेला होता आणि त्यातून रंगवलेल्या तोंडाची माणसं येरझाऱ्या घालत होती. एकजण कचऱ्याच्या डब्यामागून उडी मारून आमच्यापुढे आला. मी ओरडले. मुलगी ओरडली. आई ओरडली नाही, पण माझा दंड धरला.

"ह्येला पगार असतोय?" तिने विचारलं.

"असतो."

"पाण्याला सोडत्यात मधी?"

मी मुलीला विचारलं. मुलीला सगळं ठाऊक असतं. "येस, दे गेट ब्रेक्स. अँड दे कान्ट टच यू. दॅट्स द रूल."

मी भाषांतर केलं. पुढे रांगेत उभ्या असताना, मुलगी फोनवर होती तेव्हा, आई माझ्या कानाला लागली. "हिला सांगितलं न्हाईस न्हवं तू?"

"नाही."

"सांगू नको. तिला मी आजी हाय. धपाटं करणारी. तेवढीच ऱ्हाऊ दे." जरा वेळाने म्हणाली, "हिथं ही पोरं हौसंनं करत्यात. मी काय हौसंनं केलं व्हतं व्हय?"

मी म्हटलं, "आई, ही तुला हसणार नाही."

"तू मारलंस त्या पोरीला इचार."

खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीला कशाची लाज वाटेल हे तिच्या आईला शेवटी कळतं.

पहिला मेझ म्हणजे बंद पडलेलं हॉस्पिटल. लखलख करणारे दिवे, रक्ताने माखलेले पडदे, खाटेवरून अचानक उठणारा पेशंट, आणि आवाज इतका की कान दुखावेत. आम्ही बाहेर आलो तशी मुलीने फोन काढला. "ओके. आजी, तू घाबरला? आउट ऑफ टेन?"

"तीनदा दचकले. घाबरले न्हाई."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आईने आधीच सुरुवात केली. "हे बघ. भांडं पडलं की माणूस दचकतंय. व्हय? आन् भांडं पडलं, पर घरात कुणीच न्हाई, तर घाबरतंय."

मी इंग्रजीत सांगितलं. मुलगी थांबली. मग तिने दोन्ही शब्द फोनमध्ये टाइप केले. "सो द हॉस्पिटल इज ऑल दचक."

"नुसतं दचक," आई म्हणाली.

तिथून पुढे त्या दोघींची क्रमवारी दहाच्या हिशेबात राहिली नाही. मुलीला आणखी शब्द हवे झाले. आईने दिले. टरकणं, तंतरणं, बोबडी वळणं, दातखीळ बसणं. मुलगी प्रत्येकाचा अर्थ विचारत होती आणि मी रांगेत उभी राहून सांगत होते की बोबडी वळली म्हणजे बोलता येत नाही, आणि दातखीळ बसली म्हणजे तोंडच उघडत नाही. आमच्या पुढचा एक अमेरिकन मुलगा वळून वळून बघत होता. मुलगी त्याला म्हणाली, "वी हॅव अ स्केल." मला उगाच अभिमान वाटला.

दुसरा मेझ शेतातल्या घराचा. खऱ्या मक्याची वाळलेली ताटं दोन्ही बाजूंना, मधून वाट, आणि शेवटी करवतीचं मशीन घेऊन मागे धावणारा माणूस. मशीनला पातं नसतं, नुसता आवाज आणि पेट्रोलचा वास. मी जीव खाऊन पळाले. मुलगी हसत हसत पळाली. आई पळालीच नाही. तिला गुडघ्यांमुळे पळता येत नाही, ती आपल्या चालीने चालत राहिली, बांगड्या वाजत होत्या, आणि तो बिचारा मशीन घुर्रघुर्र करत तिच्यामागून तिच्याच वेगाने चालत आला. एखाद्याने आजीला रस्ता ओलांडून द्यावा तसं ते दिसत होतं.

"ह्यो लाकूडतोड्या पार दारापातूर सोडाय आला," ती म्हणाली. "गुणाचा हाय."

मुलीने हा मेझ यादीत सगळ्यात खाली टाकला. आईने त्याची बाजू घेतली. म्हणाली, मक्याचा वास खरा होता, अंधारात वास खरा असला की निम्मं काम होतं. मुलगी म्हणाली वास मोजत नाही, स्टोरी मोजते. त्यांचं त्यावर बराच वेळ चाललं. मी धपाटे काढले.

तिसऱ्याने मात्र आमच्या तिघींची मतं एक केली. एक जुनं घर. आत खोल्यांमागून खोल्या, सगळीकडे जुनं सामान, आणि कुणीच नाही. कुणी उडी मारत नाही, काही पडत नाही. शेवटच्या खोलीत हलत्या खुर्चीवर एक म्हातारी पाठमोरी बसलेली. आम्ही तिच्या मागून गेलो. खुर्ची हलत होती ती थांबली. बस, एवढंच. आईने माझा हात असा दाबला की बांगडी माझ्या मनगटात रुतली. बाहेर आल्यावर तिने कानटोपी काढली आणि वारा घेतला.

"टरकले की गं मी," ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी उजळला होता. "काय काम येतंय तिला. काय थांबली. म्या..." आणि ती थांबली.

"तू काय, आजी?" मुलीने विचारलं.

"म्या म्हणलं, काय थांबली ती."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "आजी, हाउ डू यू नो ऑल धिस?"

"जत्रंत स्वैपाकाला व्हते न्हवं मी. कानावर पडायचं," आई म्हणाली आणि कानटोपी पुन्हा घातली.

मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला हे अवघड जातं.

चौथा मेझ म्हणजे जत्रा. त्यांची जत्रा, अर्थात. विदूषक, वाकडे आरसे, पट्ट्यापट्ट्यांचा मोठा तंबू. आधीच्या तिन्हींच्या भिंती लाकडी होत्या, रंगवलेल्या. ह्याच्या कापडाच्या. दारातून आत गेलो आणि दोन्ही बाजूंना काळं जाड कापड, वरून खालपर्यंत सोडलेलं, पायाखाली लाकडाचा भुसा. मला एकदम ट्रकच्या आडोशाची ताडपत्री आठवली. आईने कापडाला हात लावून पाहिला, अंगठा आणि बोटात धरून, बाजारात साडीचा पोत बघावा तसा.

"मी पुढं जाते," ती म्हणाली.

त्यामुळे पुढे आई, मधे मुलगी, मागे मी. आत गेलो की समोरचं माणूस दिसत नाही, धूर आणि मधूनच लखकन चमकणारा दिवा. मला आई दिसत नव्हती, पण बांगड्या ऐकू येत होत्या. किणकिण, किणकिण, पुढे चाललेल्या. एक विदूषक आरशातून ओरडला. मुलगी किंचाळली. आणखी एक वळण घेतलं.

आणि बांगड्या थांबल्या.

मी जागीच उभी राहिले. लहानपणी तंबूबाहेर, बाबांच्या खिडकीखाली बसून मी हेच ऐकायचे. आई आत जायची, बांगड्या वाजत आत जायच्या, मग थांबायच्या. थांबल्या म्हणजे तिने त्या कोपरापर्यंत सारल्या. म्हणजे ती जागेवर उभी राहिली. म्हणजे आता पुढचं माणूस येणार.

पुढचं माणूस माझी मुलगी होती. तिला हे काही माहीत नव्हतं. ती "आजी? आजी, वेअर आर यू?" म्हणत वळणावर गेली. मी तिला हाक मारणार एवढ्यात काळ्या कापडातून, तिच्या अगदी कानाशी, हळूच आवाज आला.

"जेवलीस का गं?"

हे वाक्य माझी मुलगी जन्मल्यापासून ऐकत आली आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल लागला की आजीचं पहिलं वाक्य तेच. आणि तरीही, किंवा त्यामुळेच असेल, ती अशी ओरडली की मी तिला आयुष्यात तसं ओरडताना ऐकलेलं नाही. मग आवाजच बंद. ती भुश्यात मटकन खाली बसली. मी तिच्यावर आदळले. माझ्यामागचे लोक माझ्यावर आदळले. कापडातून आणखी एक ओरडणं ऐकू आलं, ते पुरुषाचं होतं. तिथे उभ्या असलेल्या विदूषकाला तोपर्यंत कळलंच नव्हतं की आपल्या शेजारी कुणी येऊन उभं आहे.

दिवा चमकला. कापडाच्या फटीत माझी आई उभी होती, कानटोपी घातलेली, बांगड्या कोपराशी, आणि तिच्या मागे लाल नाकाचा तो उंच मुलगा छातीवर हात ठेवून.

"मॅम," तो कसाबसा म्हणाला, "यू कान्ट बी इन हिअर."

काळा शर्ट घातलेला पार्कचा एक माणूस टॉर्च घेऊन आला आणि त्याने आम्हाला बाजूच्या दाराने बाहेर काढलं. मी त्याची माफी मागितली, म्हटलं आई वाट चुकली. तो रागावला नव्हता. त्याला हसू आवरत नव्हतं. म्हणाला, तो मुलगा इथे कितीतरी सीझन करतोय, त्याच्या जागेवर येऊन त्याला घाबरवणारं पहिलंच माणूस तुमची आई.

बाहेर एका बाकावर आम्ही बसलो. आई मधे. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याशी बोलत होती, मुलीकडे बघत नव्हती. "मी मुद्दाम न्हाई केलं गं. कापडाला हात लावत चालले व्हते. फट हाताला लागली. पाय आपलं आपण आत गेलं. तिथं उभी ऱ्हायले आन् हात बांगड्यांवर गेला, आन् ही आली..."

"मॉम," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेला होता. "व्हॉट इज शी सेइंग? आजी, तू ते कसा केला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला होता. मी फक्त तिच्या हातावर हात ठेवला. ती बराच वेळ धपाट्यांच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावत-काढत राहिली.

मग तिने सांगितलं. तिच्या भाषेत, थांबत थांबत, आणि मी मधेमधे इंग्रजीत. बाबांची पाठ. पाण्याची आमटी. टोप घालणारा माणूस निघून गेला ते. पैलवान, आणि कापड फाटलं ते. ते मूल आजारी पडलं, आणि त्याची आजी चुलीशी येऊन काय बोलली, तेही. "लोकं मला हडळ म्हणायचे," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या आईला हडळीची म्हणायचे. म्हणून मी कुणाला सांगत न्हाई."

आई झाकणाकडे बघत होती. मला आठवतं, समोरच्या पाळण्याचे दिवे लागले आणि आमच्या तिघींच्या तोंडावरून रंग फिरायला लागले.

"सो यू वर द लास्ट स्केअर," मुलगी म्हणाली. "शेवटचा वळण. दॅट्स द बेस्ट स्पॉट. दे ओन्ली गिव्ह दॅट टू द बेस्ट पर्सन."

मी सांगितलं. आईने डोकं हलवलं. "बेस्ट बिस्ट काय न्हाई. दुसरं कुणी न्हवतं म्हणून."

"अँड देन? त्या नंतर पण दुसरा कोणी नव्हता?"

आई विचारात पडली. "आलते की दोघं-तिघं. मालकानं ठेवलं न्हाई त्यांना."

"सी?" मुलगी म्हणाली. मग जरा वेळाने, "डिड पीपल क्लॅप? टाळी?"

"टाळ्या कशाच्या? पळून जायचे."

"आजी, दॅट्स द सेम थिंग."

हे मला सांगावं लागलं नाही. आईला 'सेम' कळतं. ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर पदर. मीही हसायला लागले. मुलगी तिला चिकटून बसली आणि म्हणाली, "डू इट अगेन."

"न्हाई."

"प्लीज. एकदा."

"फुकट न्हाई करत मी," आई म्हणाली. "तिकीट काढून ये."

मुलीने तिथेच बाकावर बसून क्रमवारी लावली. हॉस्पिटल आणि मक्याचं शेत तळाला. जत्रेचा तंबू मधे, कारण तिच्या मते नुसत्या विदूषकांच्या जोरावर तो एवढा चांगला नव्हता. खुर्चीवरच्या म्हातारीचं घर दुसरं, ते आईच्या आग्रहाने; आईला ते पहिलं हवं होतं, ती शेवटपर्यंत भांडली. पहिल्या नंबरापुढे मुलीने लिहिलं 'आजी', आणि त्याच्यापुढे 'दातखीळ'. स्पेलिंग मला विचारलं.

परतताना गाडीत तिने मागच्या सीटवरून मला विचारलं, "मॉम, वर यू एम्बॅरस्ड? शाळेत?"

"हो," मी म्हटलं. "एका मुलीला मारलं मी."

"गुड," ती म्हणाली. मग आजीला म्हणाली, "आजी, जेवलास का?" लिंग चुकलं होतं. आई झोपेत असल्यासारखी बसली होती, पण डोळे मिटूनच म्हणाली, "जेवलीस. जेवलीस का. आन् एवढ्या मोठ्यानं न्हाई. हळू म्हणायचं."

मुलीने हळू म्हणून पाहिलं. खरं सांगते, मी गाडी चालवत होते आणि माझ्या अंगावर काटा आला.

आई डिसेंबरात परत गेली. जाण्याआधी मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, भारतीयही आणि इतरही. त्यातल्या एकीने सहज विचारलं की तुझी आजी काय करायची. आई स्वयंपाकघरात होती, दार उघडं होतं. मी पोळी लाटत होते, ती लाटायची थांबले.

"माझी आजी भूतबंगल्यात हडळ होती," माझ्या मुलीने सांगितलं, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. "त्याच्यावर माझी आई इंजिनिअर झाली. ती आमच्या फॅमिलीतली पहिली ग्रॅज्युएट आहे."

आईने ते ऐकलं. पातेल्यातली आमटी ढवळत होती, तशीच ढवळत राहिली. आमटी दाट होती.